फीफ, इक्ता, खलिफा, पोप: हे शब्द पाठ न करता डोक्यात कसे बसवायचे

परवा अभ्यासिकेत एका पोरानं विचारलं, दादा फीफ आणि इक्ता एकच का? मी म्हणलं नाही, फीफ मध्ययुगातल्या युरोपातला, इक्ता सुलतानांच्या राज्यातली. तर तो म्हणला, मग गाईडमधे दोन्हीच्या पुढं सरंजाम कामून लिहिलंय? दुखणं नेमकं इथंच आहे. युरोपचा शब्द असो नाहीतर बगदादचा, मराठीत येताना त्याला एकच सदरा घालतात. पोप धर्मगुरू, खलिफा धर्मगुरू, काझी बी धर्मगुरू. क्रुसेड धर्मयुद्ध, जिहाद धर्मयुद्ध. मग चार पर्याय समोर आले की चारही बरोबर वाटतात आणि आपण डोळे झाकून टिक मारतो.

मी स्वतः परीक्षेच्या पहिल्या अटेंप्टला यातच मार खाल्ला. प्रश्न होता मुक्तीचा. मुक्ती म्हणजे इक्ता सांभाळणारा अधिकारी, मोक्ष नाही, हे एवढं मला माहीत होतं 😅 पण तो जमिनीचा मालक असतो अशा विधानावर मी बरोबर अशी खूण केली, आणि लई कॉन्फिडन्सनं केली. मालक नसतो तो. त्याला फक्त वसुली मिळते.

तर तेव्हापासून मी जी पद्धत वापरायलोय ती सांगतो. शंभर पानी वही घ्या, एका शब्दाला एक पान. पानावर व्याख्या लिहायची नाही. चार प्रश्न लिहायचे. हे कोण कुणाला देतं? नेमकं काय देतं, जमीन का वसुली का हुद्दा का नुसता आशीर्वाद? देणाऱ्याला ते परत घेता येतं का? आणि घेणारा मेला की पोराला मिळतं का? बस. समाजाचा, धर्माचा, सत्तेचा कोणताबी शब्द असू द्या, चार उत्तरं आली की तो शब्द दुसऱ्याशी गल्लत करत नाही. ज्या शब्दाला हे प्रश्न लागूच होत नाहीत तिथं त्यांना जरा वाकवून घ्यायचं, ते पुढं येईलच.

आता इक्तावर लावून बघू. देणारा सुलतान, घेणारा त्याचा सरदार किंवा अधिकारी. काय देतो? एखाद्या मुलखाचा महसूल गोळा करायचा हक्क, त्यातून त्यानं फौज बाळगायची, स्वतःचा खर्च भागवायचा आणि उरलेलं केंद्राला पाठवायचं. या उरलेल्याला दिल्लीच्या सुलतानांच्या काळात फवाजिल म्हणायचे. आपण म्हणतो ना फाजील आत्मविश्वास, फाजील लाड, तोच फाजील, म्हणजे जास्तीचा. हा एक शब्द कळला की इक्ता अर्धी कळली, कारण शिल्लक सरकारची आहे याचा अर्थ मुलूख सरदाराचा नाही. बल्बननं तर हिशोब तपासायला मुक्तीच्या शेजारी ख्वाजा नावाचा वेगळा माणूस बसवला. परत घेता येते का? येते, बदली होते. पोराला मिळते का? नियमानं नाही. पण फिरोजशहा तुघलकानं (१३५१ ते १३८८) ती वंशपरंपरागत करायला मोकळीक दिली आणि तिथून गडबड सुरू झाली. सेल्जुक तुर्कांचा वजीर निजाम उल मुल्क, ज्याचा १०९२ मधे खून झाला, त्यानं आपल्या सियासतनामा या ग्रंथात साफ सांगून ठेवलंय की इक्तावाल्याचा हक्क ठरलेल्या महसुलापुरता, रयतेच्या जीवावर, मालावर, बायकापोरांवर त्याचा काडीचा हक्क नाही. आता वजिराला एवढं लिहून ठेवावं लागलं म्हणजे प्रत्यक्षात काय चाललं असेल ते समजून घ्या.

फीफ याच्या शेजारच्या पानावर लिहा. देणारा लॉर्ड, घेणारा व्हॅसल. दोघंबी लढवय्ये, दोघंबी स्वतंत्र माणसं, आणि दोघांत करार. हा करार कसा व्हायचा ते एकदा डोळ्यापुढं आणा मग विसरणार नाही. व्हॅसल हत्यार काढून ठेवतो, बोडक्या डोक्यानं गुडघे टेकतो, दोन्ही हात जोडून लॉर्डच्या दोन हातांच्या मधे ठेवतो आणि म्हणतो मी तुमचा माणूस झालो. हे होमेज. मग बायबलवर किंवा संतांच्या अवशेषांवर हात ठेवून इमानाची शपथ, ती फील्टी. मग लॉर्ड त्याच्या हातात मातीचं ढेकूळ नाहीतर एखादी डहाळी देतो, ही घे तुझी जमीन, ते इन्व्हेस्टिचर. बदल्यात व्हॅसलनं सहसा वर्षाला ४० दिवस लढाईला यायचं, दरबारात सल्ला द्यायचा, मालक कैद झाला तर सोडवायला पैसा द्यायचा. आणि लॉर्डनं त्याचं रक्षण करायचं. कुणी शब्द मोडला तर करार मोडतो. पोराला मिळतं का? सुरवातीला हमी नव्हती, हळूहळू पोरालाच जायला लागलं, फक्त पोरानं रिलीफ नावाची रक्कम भरायची. इंग्लंडचा राजा जॉन हा रिलीफ मनाला येईल तेवढा मागायला लागला म्हणून तर १२१५ च्या मॅग्ना कार्टा या सनदेत त्याचा दर बांधून घेतला, मोठ्या बॅरनला १०० पौंड, एका नाइटच्या जमिनीला जास्तीत जास्त १०० शिलिंग.

एक माणूस दोन तीन लॉर्डांचा व्हॅसल असायचा हे बी लक्षात ठेवा. मग दोघांतच भांडण लागलं तर? त्यासाठी एकाला लीज लॉर्ड म्हणजे पहिल्या मानाचा मालक ठरवायचे. पंचायत समितीच्या इलेक्शनला दोन्ही गटाच्या जेवणाला जाणारे कार्यकर्ते आपल्याकडं आहेतच, शेवटी मत कुणाला ते ठरलेलं असतं, तसंच.

म्हणजे इक्ता ही पगाराच्या जागी नेमून दिलेली वसुली, फीफ हा दोन माणसांतला करार. आता सरंजाम शब्दाकडं बघा. मराठा राज्यात सरंजाम म्हणजे फौज बाळगायला लावून दिलेला महसूल. म्हणजे तो फीफपेक्षा इक्ता आणि जागिरीच्या जास्त जवळचा. आणि आपण फ्यूडलिझमला सरंजामशाही म्हणून मोकळे. शब्द रुळलाय, आता बदलणार नाही, उत्तरात लिहावाच लागतो, पण वहीत त्याच्यापुढं लाल पेननं लिहून ठेवा की हा शब्द फसवा आहे. आणि तसं बघितलं तर फ्यूडलिझम हा शब्द तरी त्या काळातल्या लोकांनी कुठं वापरला, तो फार नंतरच्यांनी दिलेला, आणि तो वापरावा का नाही यावर इतिहासकारांची भांडणं अजून चालूच आहेत.

जागीर हा शब्द कळायला मला पुस्तक लागलंच नाही. आमचं गाव परभणी जिल्ह्यातलं, निजामाच्या काळात जागिरीचं. आजोबा त्यावेळी लहान होते, पण त्यांना सगळं याद आहे. मी विचारलं जागीरदार कसा होता दिसायला? म्हणले कुणी बघितला! तो राहायचा हैदराबादला. गावात यायचा त्याचा कारकून, खळ्यावर. ज्वारीची रास पडली की तो बाजेवर बसायचा, पाटील उभा राहायचा, आणि माप सुरू व्हायचं. आजोबांचे वडील म्हणायचे जागीरदार बदलला तरी आपल्याला काय, पाटील तोच, खळं तेच. एवढ्या एका वाक्यात बघा, वसुलीचा हक्क हैदराबादला, गावावरचा वचक पाटलाचा, आणि जमीन कसणारा तिसराच. मुघलांच्या काळात जागीर तीन चार वर्षांनी बदलायची, निजामाच्या राज्यात ती घराण्यात मुरली, तरी जागीरदार मेला की वारसाला सरकारची मंजुरी लागायचीच. १९४९ मधे हैदराबाद संस्थानातल्या जागिरी रद्द झाल्या. तुमच्या घरी कुणी म्हातारं माणूस असेल तर आधी त्याच्यापाशी बसा, गाईड नंतर वाचा.

आता सर्फ. याच्यावर मी एकदा लई हसं करून घेतलंय. आमच्याकडं म्हातारी माणसं सर्फे खासची गावं असं म्हणतात, म्हणजे ज्या गावांचा महसूल थेट निजामाच्या खाजगी खर्चाला जायचा ती गावं. मला वाटलं सर्फे खास म्हणजे निजामाचे खास सर्फ, म्हणजे भूदास! भर वर्गात बोललो. सर चष्मा काढून बघायलेत माझ्याकडं. तो सर्फ अरबी, अर्थ खर्च. हा सर्फ युरोपातला, लॅटिनमधल्या गुलाम या अर्थाच्या शब्दातून आलेला. आणि तिसरा कपडे धुवायचा. तिघांचा एकमेकांशी संबंध नाही. हां, पण सर्फे खासला युरोपात जोडी शोधायचीच असेल तर ती आहे, राजाची स्वतःची जमीन, रॉयल डिमेन. म्हणजे चुकून बरोबर दारात गेलो होतो, घर चुकलं.

तर युरोपातला सर्फ. मॅनर नावाची इस्टेट, त्यात मालकाची खास जमीन म्हणजे डिमेन आणि बाकी सर्फांच्या पट्ट्या. सर्फानं आठवड्यातले ठरलेले दिवस मालकाच्या रानात फुकट राबायचं. उरलेल्या दिवसात स्वतःची पट्टी. दळण मालकाच्याच गिरणीत, त्याचं माप वेगळं. पोरीचं लग्न लावायचं तर मालकाला पैसे. गाव सोडून जायचं तर मालकाची परवानगी. आणि हे वाचून माझ्या पोटात कालवलं ते सांगतो: इंग्लंडात सर्फ मेला की मालक त्याच्या दावणीचं सगळ्यात चांगलं जनावर घेऊन जायचा, त्याला हेरिएट म्हणायचे, आणि दुसऱ्या नंबरचं जनावर चर्चचा पाद्री न्यायचा. घरात मयत झालेलं, बाई रडायली, आणि दावणीचा खोंड सोडून न्यायला माणूस दारात. ज्याच्या घरी बैल आहे त्याला हेरिएटची व्याख्या पाठ करायची गरज नाही.

सर्फ आणि गुलाम एक नाही. गुलामाला बाजारात विकता येतं, सर्फाला सहसा जमिनीवरून उपटून एकट्याला विकत नाहीत, जमीन विकली की तो जमिनीबरोबर जातो. सर्फ आणि आपला सालगडी बी एक नाही, ही तुलना उत्तरात करू नका. सालगडी पाडव्याला मालक बदलू शकतो, उचल फिटली नसली की बदलता येत नाही हे वेगळं दुखणं, पण कायद्यानं तो मोकळा आहे. आणि सालगड्याकडं स्वतःची पट्टी नसते, सर्फाकडं असते. सर्फाला सुटायची वाट म्हणजे पळून शहरात जायचं आणि वर्ष आणि एक दिवस सापडायचं नाही, पुष्कळ शहरांत असा रिवाज होता की मग तो मोकळा. १३४७ नंतर प्लेग आला, माणसं इतकी मेली की मजुरांचा भाव वाढला, आणि पश्चिम युरोपातली ही पद्धत तिथून खिळखिळी होत गेली. १३८१ चा इंग्लंडातला शेतकऱ्यांचा उठाव याच पानावर टिपून ठेवा.

गुलाम शब्द निघालाच आहे तर ममलूक. इथं मराठीतला गुलाम शब्द एकदम फसवतो. ममलूक म्हणजे विकत घेऊन, वाढवून, घोडा तलवार शिकवून तयार केलेला सैनिक, आणि तो सुलतान होऊ शकतो. इजिप्तवर १२५० ते १५१७ ममलूकांचंच राज्य होतं, आणि १२६० मधे ऐन जालूतला मंगोलांना अडवलं ते यांनीच. हे डोक्यात बसत नसेल तर संभाजीनगरात राहून लाज आणता राव. मलिक अंबर कोण होता? हबशी पोरगा, गुलाम म्हणून बाजारात विकलेला, हातोहात फिरत दख्खनला आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, १६१० मधे खडकी वसवली तेच आजचं आपलं शहर, १६२६ ला वारला, कबर खुलताबादला. तो इजिप्तच्या अर्थानं ममलूक नव्हता, पण विकलेला माणूस राज्य कसं चालवतो हे कळायला त्याच्यासारखं उदाहरण नाही.

आणि मलिक अंबरनं स्वतःला सुलतान म्हणवून घेतलं नाही बरं का. गादीवर निजामशाहीचा पोरगा बसवला, नाव त्याचं, कारभार याचा. आपल्याला छत्रपती आणि पेशवे माहीत असल्यामुळं हे नवीन वाटत नाही. म्हणून याच्यासाठी वहीत एक वेगळं पान करा, नाव एकाचं कारभार दुसऱ्याचा. त्यात फ्रँकांचा मेयर ऑफ द पॅलेस घाला, नावावरून महानगरपालिका आठवते पण तो राजवाड्याचा मुख्य कारभारी. त्यातल्या पिपिननं ७५१ मधे पोपची संमती घेऊन राजालाच मठात पाठवलं आणि स्वतः राजा झाला. त्याच पानावर बगदाद घाला. ९४५ मधे इराणकडचं बुवायही घराणं आलं, खलिफा गादीवर तसाच, सत्ता अमीर उल उमरा म्हणजे अमिरांच्या अमिराकडं. उमरा हे अमीरचं अनेकवचन, आपण उमराव म्हणतो ते. मग १०५५ मधे सेल्जुकांचा तुघ्रील बेग बगदादला आला आणि खलिफानं त्याची सुलतान ही पदवी मान्य केली.

सुलतान शब्दाचा मूळ अर्थ सत्ता. माणूस नंतर, आधी सत्ता. आपल्या इकडं पाऊस नाही पडला की म्हणतात अस्मानी, आणि वरून सरकारनं पिळलं की सुलतानी. अस्मानी सुलतानी या जोडीत तो जुना अर्थ जसाच्या तसा आहे, आभाळाची सत्ता एक आणि जमिनीवरची सत्ता एक. दुष्काळी भागातल्या पोराला सुलतान शब्दाची व्याख्या शिकवायची गरजच नाही खरं तर.

आता खलिफा आणि पोप, सगळ्यात जास्त मार्क इथं जातात. खलिफा म्हणजे मागून येणारा, वारस, नायब. ६३२ मधे पैगंबर गेल्यावर समाजाचं पुढारपण कुणी करायचं या प्रश्नातून हे पद आलं. आधी चार, अबू बकर, उमर, उस्मान, अली, मग ६६१ पासून दमास्कसचे उमय्यद, ७५० पासून अब्बासी, ७६२ मधे बगदाद वसवलं, १२५८ मधे मंगोलांच्या हुलागूनं ते बुडवलं. वारस कुणी व्हायचं या भांडणातूनच सुन्नी आणि शिया वेगळे झाले, शियांचं म्हणणं हा मान अली आणि त्याच्या वंशातल्या इमामांचा. इमाम हा शब्द पण जपून, शियांचा इमाम वेगळा आणि मशिदीत नमाज पढवणारा वेगळा.

पोपकडं जे आहे ते खलिफाकडं नाही, हे लक्षात ठेवलं की झालं. पोपच्या खाली उतरंड आहे, आर्चबिशप, बिशप, गावचा पाद्री. बाप्तिस्मा, लग्न, मरताना पापाची क्षमा, सगळं या उतरंडीतून. म्हणून पोप एखाद्याला चर्चबाहेर काढू शकतो, एक्सकम्युनिकेशन, म्हणजे आपल्याकडचं वाळीत टाकणं, फक्त इथं मेल्यानंतरचा रस्ता पण बंद. अख्ख्या देशाला टाकलं की तो इंटरडिक्ट. इंग्लंडला १२०८ ते १२१४ ही शिक्षा होती, चर्चची घंटा बंद, मेलेल्याला पवित्र मातीत विधीनं पुरणं बंद. खलिफाकडं असली उतरंडच नाही, तो कुणाची पापं माफ करत नाही. मग धर्माचा अर्थ कोण लावणार? उलेमा. आलीमचं अनेकवचन, जाणकार विद्वान. खलिफा मामूननं ८३३ मधे आपलं एक मत विद्वानांवर लादायचा प्रयत्न केला, चौकशा लावल्या, अहमद इब्न हंबल बधला नाही, आणि वीस वर्षांच्या आतच नंतरच्या एका खलिफाला तो नाद सोडावा लागला. सुन्नींच्या धर्मकायद्याच्या चार पंथांपैकी हंबली पंथ याच्याच नावाचा. बाकीचे तीन हनफी, मालिकी, शाफई.

आपल्या इथं खलिफा शब्द अजून एका अर्थानं आहे. खुलताबादचे बुऱ्हानुद्दीन गरीब हे दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे खलिफा. म्हणजे पीरानं परवानगी देऊन आपल्या वतीनं नेमलेला माणूस. राज्य नाही, फौज नाही, पण शब्द तोच आणि मूळ अर्थ पण तोच, मागून येणारा. उरसाला जाऊन नुसता मिठाईचा पुडा आणू नका, तिथं बसून पीर, मुरीद, सिलसिला, खानकाह हे चार शब्द पाटीवर वाचा. खानकाहला मठ म्हणता येतं पण युरोपातल्या मॉनेस्टरीसारखी ती नाही, तिथला भिक्षू लग्न करत नाही, संत बेनेडिक्टचे नियम पाळतो, आणि सूफीला बायकापोरं असायला बहुतेक ठिकाणी आडकाठी नाही.

आणि खलिफाची किंमत कळायची असेल तर दौलताबादचा किल्ला चढा. ज्यानं १३२७ मधे राजधानी इथं आणली तो मुहंमद तुघलक, केवढा हट्टी माणूस, त्याला शेवटी वाटलं की आपल्या गादीला खलिफाची मान्यता पाहिजे. बगदाद तर कधीच बुडालेलं. मग कैरोत ममलूकांच्या आश्रयाला असलेल्या अब्बासी खलिफाला शोधून काढलं, नाण्यावर स्वतःचं नाव काढून त्याचं घातलं, आणि १३४० च्या दशकात तिकडून खिलत म्हणजे मानाचा पोशाख आला तेव्हा कुठं समाधान. खलिफाच्या हातात फौज नव्हती, पैसा नव्हता, देण्यासारखं होतं ते फक्त मान्यतेचं कापड. मग १३४७ मधे याच दौलताबादला हसन बहमनी गादीवर बसला. नवा राजा झाला हे लोकांना कळायचं कसं? दोन गोष्टींतून, शुक्रवारच्या खुत्ब्यात म्हणजे मशिदीतल्या प्रवचनात नाव आणि नाण्यावर नाव. खुत्बा आणि सिक्का. ही जोडी पाठच करा, यावर प्रश्न येतोच.

युरोपात हेच भांडण उलट्या बाजूनं झालं. बिशप नेमायचा कुणी, पोपनं का राजानं? बिशपकडं मोठाल्या जमिनी, म्हणजे तो धर्माचा माणूस पण आणि राजाचा व्हॅसल पण. देवस्थानाचा पुजारी ट्रस्टनं नेमायचा का तहसीलदारानं असा वाद जिथं चाललाय त्या गावच्या पोरांना हे लगेच कळेल. अंगठी आणि काठी ही बिशपपदाची खूण, ती राजा हातात देत होता, पोप ग्रेगरी सातव्यानं मनाई केली, जर्मनीच्या राजा हेन्री चौथ्यानं ऐकलं नाही, पोपनं त्याला चर्चबाहेर काढलं, मग त्याचे सरदारच फिरले. शेवटी १०७७ च्या जानेवारीत हेन्री कानोसाच्या किल्ल्याबाहेर बर्फात तीन दिवस अनवाणी उभा. तडजोड व्हायला ११२२ उजाडलं, वर्म्सचा करार: अंगठी काठी चर्च देणार, जमिनीच्या हक्काची खूण म्हणून राजदंडाचा स्पर्श सम्राट करणार. वर फीफच्या पानावर ढेकूळ देणं लिहिलं होतं ना, इन्व्हेस्टिचर, तोच शब्द इथं. दोन पानं बाण काढून जोडा.

आता काही शब्द जे मराठीत आहेत म्हणून आपल्याला येतात असं वाटतं आणि तिथंच घात होतो. जकात म्हणलं की आपल्याला नाका आठवतो, ट्रकची रांग आठवते. मूळ जकात म्हणजे मुसलमानानं वर्षभर टिकलेल्या शिलकीतून अडीच टक्के गरिबांना आणि ठरलेल्या लोकांना द्यायचं दान, ते धर्माचं कर्तव्य. फतवा म्हणलं की पेपरात येतं साहेबांनी फतवा काढला, म्हणजे हुकूम. मूळ फतवा हा मुफ्तीचं म्हणजे धर्मकायद्याच्या जाणकाराचं मत, सल्ला. बांधील असतो तो काझीचा म्हणजे न्यायाधीशाचा निकाल. तालीम आपल्याकडं लाल मातीची, तिकडं शिक्षणाची. वतन आपल्याकडं पाटीलकी कुलकर्णीपणाचा हक्क, तिकडं मायदेश. असले शब्द सापडले की वहीत दोन रकाने करा, इकडं काय तिकडं काय.

करांत उश्र हा माझा आवडता. शेतमालाचा दहावा हिस्सा, पण पावसावर पिकलेल्याचाच. विहिरीचं, मोटेचं पाणी देऊन पिकवलं असेल तर विसावा. म्हणजे कोरडवाहूला दहा टक्के आणि बागायतीला पाच, कारण बागायतीत कष्ट आणि खर्च शेतकऱ्याचा. आपल्याकडं उलटं, बागायती दिसली की पट्टी जास्त, म्हणून परीक्षेत हमखास उलटं लिहून येतात पोरं. युरोपात टाइथ म्हणजे दहावी पेंढी, ती चर्चला, पाणी कुणाचं का असेना. जिझिया हा बिगरमुस्लिम पुरुषांवर, हनफी पंथात श्रीमंताला वर्षाला ४८ दिरहम, मधल्याला २४, गरिबाला १२, बायका पोरं यांना माफ. खराज हा जमिनीवर. जिझिया माणसावर आणि खराज मातीवर, एवढं घोकलं तरी चालतं.

क्रुसेडवर जास्त वेळ घालवू नका. १०९५ ला क्लेरमाँटला पोप अर्बनचं भाषण, १०९९ जेरुसलेम घेतलं, ११८७ ला सलाउद्दीननं परत घेतलं, १२९१ ला आक्का हे त्यांचं शेवटचं मोठं ठाणं पडलं, संपलं. फक्त १२०४ विसरू नका, चौथ्या क्रुसेडवाल्यांनी कॉन्स्टँटिनोपल लुटलं, ते ख्रिस्ती लोकांचंच शहर होतं. धर्मयुद्ध हा शब्द तिथं गप्प होतो. क्रुसेडला पोपची घोषणा, क्रूसाची शपथ आणि पापमाफी लागते. जिहादचा मूळ अर्थ झटणं, प्रयत्न, लढाई हा त्यातला एक प्रकार, त्याचे नियम फिकह म्हणजे इस्लामी कायदाशास्त्राच्या ग्रंथात. चार प्रश्नांतला पहिला लावा, कोण जाहीर करतं, आणि दोन्ही वेगळे होतात.

पेपरात लिहिताना मूळ शब्द आधी लिहायचा, फीफ, इक्ता, आणि मग एका ओळीत मराठीत फोड. सरंजाम, धर्मगुरू, मठ असले शब्द एकटे सोडायचे नाहीत. आणि तयारी झाली का हे बघायला वही रूम पार्टनरच्या हातात द्या, त्यानं नुसता शब्द म्हणायचा आणि तुम्ही चार उत्तरं द्यायची, चहा येईपर्यंत दहा शब्द होतात. जिथं तिसऱ्या प्रश्नाला अडकलात तिथं पानाचा कोपरा दुमडून ठेवा. माझ्या वहीत गिल्ड म्हणजे युरोपातल्या कारागिरांच्या संघटनेच्या पानाचा कोपरा अजून दुमडलेला आहे, मास्टर मेला की त्याचं दुकान बायकोला चालवता येतं का, यावर शहराशहराचा नियम वेगळा निघायलाय आणि एका पानात मावंना.